हरलेला व्हर्सिंजेटोरिक्स फ्रान्सचा वीर कसा झाला?

मुक्ता_नाशिक:
नमस्कार मंडळी. सध्या रोमन सेनापती सीझरच्या गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) मोहिमांवर वाचते आहे. इ.स.पू. ५२ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या गॉल टोळ्यांचा नेता व्हर्सिंजेटोरिक्सने गर्गोविया या ठाण्यापाशी सीझरला माघार घ्यायला लावली. जवळपास ७०० माणसं आणि ४६ सेंच्युरियन (तुकडीप्रमुख) गेल्याचं सीझर स्वतःच लिहितो. मग त्याच वर्षी हा माणूस अलेसियाच्या टेकडीवर कोंडून का घेतो? आणि तिथे शरण गेलेल्याचे फ्रान्समध्ये पुतळे कसे?

दिजोंकर:
मुक्ताताई, मी दिजोंला राहतो. अलेसिया, म्हणजे आजचं आलिझ-सँत-रेन, इथून रेल्वेने जाता येतं, त्यामुळे ती टेकडी चांगली पायाखालची आहे. सपाट माथा, दोन बाजूंना ओझ आणि ओझरें या नद्या, पश्चिमेला मोकळं मैदान. वर उभं राहिलं की जागा का निवडली ते लगेच कळतं.

गर्गोवियानंतर रोमची जुनी मित्र असलेली एदुई ही गॉल टोळीसुद्धा रोमला सोडून बाकीच्या गॉलांना मिळाली. सीझर दक्षिणेकडच्या, आधीच रोमच्या ताब्यात असलेल्या प्रांताच्या दिशेने सरकत होता. त्याला वाटेत गाठायला व्हर्सिंजेटोरिक्सने घोडदळ घातलं आणि सीझरकडच्या जर्मन स्वारांनी ते उधळून लावलं. त्यानंतर तो अलेसियात शिरला. पण वेढा पुरता आवळायच्या आत त्याने उरलेले स्वार रात्रीतून बाहेर काढले आणि साऱ्या गॉलमधून कुमक मागवली. आत धान्य जेमतेम तीस दिवसांचं. सीझरला आतून-बाहेरून चेपायचं, हा बेत मला तरी अजिबात वेडेपणाचा वाटत नाही. सीझरने मात्र टेकडीकडे तोंड करून सुमारे १६ किमीची एक तटबंदी घातली आणि कुमकेकडे तोंड करून सुमारे २१ किमीची दुसरी. मध्ये त्याचं सैन्य.

माझा जीव अडकतो तो मांदुबींपाशी, म्हणजे अलेसियात राहणाऱ्या टोळीपाशी. गाव त्यांचं. ऐंशी हजारांचं सैन्य त्यांच्या दारात आलं, धान्य संपलं, आणि त्यांनाच बायकापोरांसकट बाहेर काढलं. रोमन तटापाशी येऊन ते रडले, गुलाम करा पण खायला द्या म्हणाले. सीझरने पहारे बसवले, कोणाला आत घेतलं नाही. त्यांचा एकही पुतळा मी तिथे पाहिलेला नाही.

हेमंत_वाचतो:
माझ्या मते निर्णायक क्षण आधीच येऊन गेला होता, बितुरिगी टोळीच्या अव्हारिकम शहरात. रोमनांना दाणागोटा मिळू नये म्हणून गावं जाळायची, हे व्हर्सिंजेटोरिक्सचं खरं हत्यार. बितुरिगींची वीसहून जास्त गावं एका दिवसात जाळली. पण अव्हारिकम हे त्यांचं सर्वांत सुंदर शहर, ते वाचवा म्हणून ते पाया पडले आणि हा मनाविरुद्ध कबूल झाला. सीझरने शहर घेतलं, भरलेली कोठारं घेतली. त्याच्याच आकड्यांनुसार चाळीस हजारांतले जेमतेम ८०० वाचले.

मुक्ता_नाशिक:
हेमंतदादा, हे पटलं. पण मग पुतळ्याचं काय? आणि घोड्यावर बसून सीझरपुढे शस्त्रं टाकतो, ते चित्र खरं का?

दिजोंकर:
घोड्याचा प्रसंग ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचा, घटनेनंतर दीडशेच्या आसपास वर्षांनी लिहिलेला. लिओनेल र्वायेचं १८९९ चं चित्र त्यावरच उभं आहे. सीझरच्या लिखाणात घोडा नाही: आपण तटापुढे बसलो, सरदार आणले गेले, व्हर्सिंजेटोरिक्सला हवाली केलं, शस्त्रं टाकली गेली, इतकंच. पुढे त्याला रोममध्ये कैदेत ठेवलं आणि इ.स.पू. ४६ मध्ये विजय-मिरवणुकीत फिरवून मारलं.

पुतळा उभारला तो फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने. त्याने १८६१ ते १८६५ या काळात तिथे उत्खनन करवलं आणि १८६५ मध्ये शिल्पकार एमे मिलेच्या हातचा व्हर्सिंजेटोरिक्सचा सुमारे ७ मीटर उंचीचा पुतळा टेकडीवर बसवला. पायथ्याशी कोरलंय की एकजूट झालेला गॉल साऱ्या जगाला आव्हान देऊ शकतो. हे शब्द आले कुठून, तर सीझरने आपल्या ग्रंथात व्हर्सिंजेटोरिक्सच्या तोंडी घातलेल्या भाषणातून! पाचच वर्षांनी १८७० मध्ये सेदानच्या लढाईत सम्राट स्वतः प्रशियाच्या हाती सापडला. पराभव पचवायला निघालेल्या फ्रान्सला शूरपणे हरलेला पूर्वज हवाच होता, आणि सम्राटानंतर आलेल्या तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या शाळांनी पोरांना ‘आपले पूर्वज गॉल’ घोकायला लावलं.

ताई, सीझरच्या गॉल युद्धावरच्या मूळ ग्रंथाचं सातवं प्रकरण सलग वाचा. अव्हारिकम, गर्गोविया, अलेसिया, तिन्ही त्यातच आहेत.