पोराला ‘बायकांची लस’ काहून? एका पोस्टला उत्तर

मनीषनगरची_माय
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी टाकलं, ‘आता पोरांनाही गर्भाशयाच्या कॅन्सरची लस देऊन राहिले. उद्या बाळंतविडा देतील.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथं टँकरच्या पैशांवरून आधीच जुंपली आहे, म्हणून इथं लिहिते.

मोठीला तीच लस दिली, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची, तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, ‘धाकट्याचं काय?’ मीही अशीच हसले होते. मग कळलं की तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो अन् बाई-पुरुष बघत नाही. पुरुषांना घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर होतो, खालचे चामखीळ वेगळेच. ऑस्ट्रेलियात मुलांना २०१३ पासून, इंग्लंडात २०१९ पासून शाळेतच देतात. आपल्या सीरमच्या ‘सर्वाव्हॅक’ या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तीही मुलगे-मुली दोघांसाठी.

पण घरी सांगायचं कोणी? ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. ‘तूच सांग, तुला जमते.’ शेवटी तेरा वर्षांच्या पोराला ट्यूशनवरून आणताना स्कूटरवर बोलले. मी पुढे, तो मागे, कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही. कशानं होतो, कसा पसरतो, सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, ‘चामखीळ म्हणजे... तिथं?’ हो म्हटलं. पुढचा सिग्नल येईपर्यंत चिडीचूप. मग म्हणाला, ‘सुई लई दुखते का?’ झालं! एवढ्यासाठी आम्ही नवरा-बायको आठ महिने एकमेकांवर ढकलत होतो.

महालवाला_भाऊ
ताई, स्कूटर छान. पण तेराव्या वर्षी पोराच्या डोक्यात हे घालायची गरज काय होती? आमच्या बाबांनी आम्हाले काही सांगितलं नाही, तरी आमचे संसार झालेच ना बाप्पा. अन् जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की आधी ९ ते १४ च्या मुली. बहुतेक मुलींना मिळाली की पोरांचाही धोका आपोआप कमी होते. मग दोन-दोन हजाराचे दोन डोस कायले? परदेशी लस तर त्याहून महाग. कोणाचं दुकान चालवून राहिलो आपण?

रात्रपाळी_सिस्टर
भाऊ, ‘बहुतेक मुलींना मिळाली की’ हे तुम्हीच लिहिलं. तुमच्या गल्लीत किती मुलींना मिळाली ते मोजून सांगा. माझ्या गल्लीत तीन. अन् ‘आत्ताच काहून’ विचारता, तर विषाणू अंगात शिरायच्या आधी दिली तरच ती खरी कामाची. शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही.

माझा मावसभाऊ. सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही. मानेत गाठ आली, वर्षभर ‘टॉन्सिल सुजले’ म्हणून गोळ्या खाल्ल्या. शेवटी तुकडा तपासला तर कॅन्सर, अन् तोही एचपीव्हीचा. रिपोर्ट घरात कोणाला वाचून दाखवायचा यावरून दोन दिवस गेले. वहिनीनं पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते सांगायला नको.

एकटा_खर्राविरोधी
घशाचा कॅन्सर म्हणता अन् नागपुरात खर्ऱ्याचं नाव नाही? गुटख्यावर २०१२ पासून बंदी, अन् शाळेच्या फाटकासमोर पन्नीत तंबाखू-सुपारी-चुना टाकून खसाखसा खर्रा घोटून देऊन राहिले. माझ्या बाबांचं तोंड शेवटी शेवटी दोन बोटं उघडत होतं. वरणात पोळी कुस्करून, त्याचं पाणी करून भरवत होतो आम्ही. आधी टपऱ्या उचला, मग लसीचं बोला.

टपरीचा_पोरगा
उचला ना. माझ्या बापानं खर्रा घोटून घोटूनच मला इंजिनियर केलं. तळहाताला घट्टे पडले त्यांच्या. घेणारा कोण असते? तुमच्यासारखा शिकला-सवरलेला, गाडी चालू ठेवून ‘एकशेवीस तंबाखूचा एक खर्रा बनव’ म्हणणारा. त्याला काही बोलायची हिंमत नाही, टपरीवाल्याला शिव्या.

एकटा_खर्राविरोधी
इंजिनियर झाला, छान. माझ्या बाबांची तेरवीही त्याच पैशात धरा मग.

टपरीचा_पोरगा
बापावर जाऊ नको बे. सांगून ठेवतो.

मनीषनगरची_माय
दोघंही थांबा! खर्ऱ्याचा कॅन्सर बहुतेक गालात, जबड्याशी. एचपीव्हीचा असतो टॉन्सिलला, जिभेच्या मुळाशी. खर्रा सोडवायलाही पोराशी बोलावंच लागते अन् लस द्यायलाही. दोन्हीकडे बाप पेपर वाचत बसतो.

महालवाला_भाऊ
आता सगळे बाप वाईट. बरं, ते तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममचं अन् गुजरातेतल्या वडोदऱ्याचं काय? तिथं मुलींना एचपीव्हीची लस द्यायचा प्रकल्प २०१० मध्ये सरकारनं थांबवला. मुली मेल्या होत्या. ते कोणी सांगत नाही.

रात्रपाळी_सिस्टर
मी सांगते. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही. पण संमतीचा घोळ शंभर टक्के खरा. आंध्रात वसतिगृहाच्या वॉर्डनांनी पोरींच्या वतीनं सह्या केल्या, आईबापाला पत्ताच नाही. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्यावर झोडपलं, ते बरोबरच केलं. इथं ताई पोराला स्वतः समजावून देऊन राहिली, तर तुम्हाला तेही चालत नाही.

त्रिमूर्तीनगर_बाबा
मी पेपर वाचणारा बाप. लाजता लाजता पोराला पंधरा पुरी झाली. त्या वयानंतर दोनाचे तीन डोस लागतात. दोन हजार जास्तीचे गेले, अन् तिन्ही वेळा दवाखान्यात बायकोच गेली. बाकी काही म्हणायचं नाही.

महालवाला_भाऊ
सिस्टर, सहज विचारतो. कोणाचं वय चौदा वर्षं दहा महिने असलं तर?

रात्रपाळी_सिस्टर
पहिली सुई पंधरा पुरे व्हायच्या आत. दुसरी सहा महिन्यांनी. ‘कोणाचं’ म्हणजे कोणाचं, भाऊ?

महालवाला_भाऊ
आहे एक. पटलं-बिटलं नाही मला, आधीच सांगतो. अन् माझ्याकडे स्कूटर नाही, बुलेट आहे. मागच्याला एक शब्द ऐकू येत नाही.

मनीषनगरची_माय
चावी काढून खिशात ठेवा अन् गाडीवर बसल्या बसल्या बोला.