साहेब उठल्याशिवाय कोणी उठत नाही

मोठ्या पदावरच्या माणसाने घरासाठी वेळ राखला की काम मागे पडतं, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. काम अडतं ते मागे कोण सांभाळणार हे ठरलेलं नसतं म्हणून.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांना जून २०१८ मध्ये मुलगी झाली. त्यांनी सहा आठवडे रजा घेतली. त्या काळात उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी कारभार पाहिला, आणि ते तर मित्रपक्षाचे, म्हणजे विश्वासाचाही प्रश्न होता! पण जानेवारीतच सगळं जाहीर झालेलं, कोण काय पाहणार ते स्पष्ट. सरकार चाललं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते जपानचं. २०२० मध्ये तिथले पर्यावरणमंत्री शिंजिरो कोइझुमी यांनी बाळासाठी एकूण दोन आठवड्यांची रजा तीन महिन्यांत विभागून घेतली. कायद्याने तिथल्या वडिलांना भरपूर रजा होती, पण घेणारे फार थोडे. कागदावरचा हक्क वापरायला लोक कचरतात, कारण सगळ्यांचं लक्ष साहेबांकडे असतं.

साहेब म्हणून चुकीचा धडा मीही घालून दिलाय. टीम सांभाळताना मुलाच्या आजारपणातही रात्री उशिरापर्यंत बसायचो. पुढे एका सहकाऱ्याने वडिलांच्या ऑपरेशनची गोष्ट आदल्या दिवशी सांगितली, तीही भीत भीत. त्या आठवड्यापासून मी ठरल्या वेळी उठू लागलो, सगळ्यांना दिसेल असा.