अबोला असताना कौटुंबिक प्रार्थना करावी का?

मूळ लेख (इंदूरची एक सून)

आमच्या घरी रात्री साडेआठला कौटुंबिक प्रार्थना होते. १८८७ साली सुरू झालेल्या इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या आजेसासऱ्यांनी घालून दिलेली ही शिस्त आजवर मोडलेली नाही. मात्र वरच्या मजल्याच्या वाटणीवरून माझे यजमान आणि धाकटे दीर सव्वा महिना एकमेकांशी बोलत नाहीत, तरी रोज एकाच सतरंजीवर बसून येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ऋण्यांना ऋण सोडल्याची, म्हणजे अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ दोघे एका सुरात म्हणतात. मंगळवारी प्रार्थना आटोपून पानावर बसल्यावर दिरांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगितले, "बाबांना म्हणावं, मीठ इकडे द्या." मीठ यजमानांच्या ताटाशेजारीच होते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. म्हणून समेट होईपर्यंत प्रार्थना थांबवावी, असे माझे मत आहे. सासूबाईंना ते मान्य नाही.

प्रतिसाद १ (एक निवृत्त शिक्षक)

ताई, आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. त्याच वचनात समेटानंतर परत येऊन अर्पण करण्याचीही आज्ञा आहे. वेदी मोडायला प्रभू सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यातला जकातदार पापी म्हणूनच मंदिरात आला आणि नीतिमान ठरून घरी गेला. दोन भाऊ आज जिथे निदान शेजारी बसतात, ती एकमेव जागाही आपण काढून घेतली, तर उरेल फक्त तो मजला.

प्रतिसाद २ (वडोदऱ्याहून)

मी ताईंशी सहमत आहे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा, असे प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रात इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले. इथे सव्वा महिन्याचे सूर्य मावळले. मोठ्यांना सवय झाली असेल, परंतु मीठ मागायला मध्ये घातलेले मूल प्रार्थनेचा अर्थ त्या पानावर शिकते आहे, सतरंजीवर नव्हे.

मूळ लेखिका

गुरुजी, जकातदाराने छाती बडवून घेतली होती. आमच्याकडे कोणी मान खाली घालत नाही. तरीही शेजारी बसण्याविषयीचे आपले म्हणणे मला नाकारता येत नाही. आज प्रार्थना होईल, पण ऋण सोडल्याची ती ओळ आली की मी थांबेन आणि पुढे म्हणण्याआधी दोघांकडे पाहीन. सासूबाईंना तसे सांगितले आहे. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त सतरंजी अंथरायला उठल्या.