पेपर स्प्रेबद्दल जरा सावध

एका ताईंनी परदेशी निघालेल्या मुलीच्या पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवायला सांगितलंय. काळजी कळते, पण ब्रिटनमध्ये तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार तो बंदी असलेल्या हत्यारांत मोडतो. पोरगी स्वतःच अडकायची.

माझी पुतणी सोलापूरहून एकटी लंडनला गेली, तेव्हा नव्या पेठेतल्या शिंप्याकडून तिच्या कुर्त्यांना आतून चेनचा खिसा लावून घेतला. पासपोर्ट त्यात, झेरॉक्स बॅगेत, फोटो माझ्या मोबाइलवर. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय उच्चायुक्तालय. तातडीनं परतायचं असेल तर तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्टऐवजी भारतात परतण्यापुरता कागद मिळतो.

आणि दाराखाली सरकवायची रबराची पाचर द्याच. हॉटेलच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाच्या हातात असेल, काय सांगावं! मात्र दार आतल्या बाजूला उघडणारं हवं. आम्ही घरीच लावून पाहिली, मी बाहेरून खांदा देऊन ढकललं, दार तसूभर हललं नाही. तेव्हा कुठे वहिनीचा जीव थाऱ्यावर आला.

मदतीचे नंबर कागदावरही लिहून द्या, मोबाइल बंद पडतो. ब्रिटनमध्ये ९९९, युरोपियन युनियनमध्ये ११२, थायलंडमध्ये पर्यटक पोलिस ११५५.