एक्स-२९चे पुढे कललेले पंख: विमानविद्येला नेमके काय मिळाले?

प्रश्न
ग्रुमन कंपनीने बांधलेल्या एक्स-२९ या प्रायोगिक विमानाचे पंख नेहमीप्रमाणे मागे न वळता नाकाच्या दिशेने पुढे कललेले होते. डिसेंबर १९८४मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि वर्षभरात त्याने ध्वनीचा वेगही ओलांडला. तरीही पुढे अमेरिकेच्या एकाही लढाऊ विमानाला असे पंख दिले गेले नाहीत. मग इतिहासातील एक विचित्र आकार, एवढेच त्याचे स्थान मानावे का?

प्रतिसाद १
कल्पना जुनीच होती. जर्मनीचे युंकर्स-२८७ ऑगस्ट १९४४मध्ये असेच पंख घेऊन उडाले होते. मागे कललेल्या पंखावरून हवा टोकांकडे सरकते, त्यामुळे नाक फार वर केले की टोके आधी स्टॉल होतात (हवेचा प्रवाह सुटून उचल गमावतात) आणि तेथील एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या, निकामी होतात. पुढे कललेल्या पंखावर हवा बुंध्याकडे, म्हणजे विमानाच्या धडाकडे, वाहते आणि टोके अधिक वेळ वैमानिकाच्या ताब्यात राहतात. अडचण मात्र जीवघेणी आहे. लिफ्टमुळे (हवेच्या उचलणाऱ्या बलामुळे) असा पंख वर वाकला की त्याची पुढची कड वर पिळली जाते, त्याने लिफ्ट वाढते, पंख आणखी पिळतो आणि ठरावीक वेगापुढे मोडतो. धातूचा पंख पुरेसा ताठ करावा, तर वजनच सगळा फायदा खाऊन टाकते. एक्स-२९मध्ये कार्बन-तंतूंचे थर अशा दिशांनी रचले होते की पंख वाकला तरी पिळला जाऊ नये. माझ्या मते या विमानाची खरी कमाई आकारात नसून या रचनेत आहे.

प्रतिसाद २
रचनेबद्दल सहमत आहे. मात्र हे विमान मुद्दाम अस्थिर ठेवले होते आणि संगणक सेकंदाला ४० वेळा त्याचा तोल सावरत, याचे सगळे श्रेयही त्याच्याच पदरात टाकले जाते, ते पटत नाही. नासाने एफ-८ विमानावर डिजिटल फ्लाय-बाय-वायर, म्हणजे संगणकामार्फत विद्युत संकेतांनी चालणारे नियंत्रण, १९७२मध्येच उडवून दाखवले होते, आणि एफ-१६ या लढाऊ विमानाच्या आखणीतही स्थैर्य जाणूनबुजून कमी केले होते. एक्स-२९ने ही वाट टोकापर्यंत नेली, एवढेच म्हणता येईल.

प्रतिसाद ३
मूळ प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या एक्स-२९वर ४५ अंशांच्या अँगल ऑफ अटॅकपर्यंत (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन) उत्तम ताबा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हवेचा एकूण विरोध आधीच्या अभ्यासांनी वर्तवला होता तितका घटला नाही. तोवर लढाऊ विमानांची कसोटीच बदलली होती: रडारपासून लपणे महत्त्वाचे ठरले आणि चपळाईसाठी इंजिनाचा झोत वळवण्याचा दुसरा उपाय हाती आला. रशियाने सप्टेंबर १९९७मध्ये सुखोई-४७ उडवले, तेही प्रायोगिकच राहिले. त्यामुळे एक्स-२९ची तांत्रिक अडचण सुटली नाही असे म्हणणे चूक आहे. ती सुटली, पण सोडवून मिळणारा लाभ पुरेसा ठरला नाही.