लॅक्स्टन: बांध नसलेली शिवारं

इंग्लंडमधली सामाईक शिवारं १८व्या-१९व्या शतकात कुंपणाच्या कायद्यांनी, म्हणजे सामाईक जमिनी कुंपणं घालून खाजगी करणाऱ्या कायद्यांनी, संपली असं म्हणतात. बहुतेक गावांपुरतं ते खरं आहे. पण नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन हे चिमुकलं गाव त्यातून सुटलं.

१०८६च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत, या गावाचं नाव आहे. तिथे आजही तीन मोठी शिवारं आहेत आणि प्रत्येकात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे. मधे ना कुंपण, ना बांध. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी फिरते. १६३५ साली मार्क पिअर्सने काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नुसते पट्टेच दाखवलेले नाहीत, तर नांगरणारी आणि कापणी करणारी माणसंही रंगवली आहेत.

मला सगळ्यात भावते ती गावकी. नोव्हेंबरअखेर शेतकऱ्यांमधलेच पंच गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि कुणी नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात घुसवला असेल तर नाव टिपून घेतात. आठवड्याभराने जमीनदारी न्यायालय भरतं नि दंड होतो. तेही गावातल्या पबमध्ये! बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तालुक्याच्या कोर्टात खेटे घालणाऱ्या आपल्या लोकांना हेवा वाटावा असा निकाल.

१९५२मध्ये कृषी मंत्रालयाने गावची ही जमीन (इस्टेट) विकत घेतली, पुढे ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या नावे असलेल्या पण राजघराण्याच्या खाजगी नसलेल्या मालमत्तेत गेली, आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे आली.