मदत हवी आहे : कोहाच्या ओपॅकमधील निकालांची मांडणी बदलण्याबाबत

ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालय व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर डेबियन लिनक्सवर आमच्याच सर्व्हरवर चालतं. ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन ग्रंथसूची, मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत आहे. शोधनिकालात शीर्षकाच्या आधी वर्गांक ठळक दिसायला हवा. वाचक तोच टिपून कपाटाकडे जातात.

'ओपॅक युजर सीएसएस' या सेटिंगमधून रंग आणि देवनागरी फाँटचा आकार नीट बदलला. क्रम मात्र तिथून जमत नाही. जावास्क्रिप्टने जमतो, पण जुन्या संगणकांवर पान उघडताना मजकूर उडी मारतो, त्यामुळे तो मार्ग नको. निकालांची मांडणी ठरवणाऱ्या मूळ एक्सएसएलटी फाइलमधले बदल अपग्रेडमध्ये पुसले जातात.

म्हणून सेटिंगमध्ये स्वतःच्या एक्सएसएलटी फाइलचा पाथ द्यायचा विचार आहे. ती फाइल कुठे ठेवावी, आणि दोन भाषांसाठी दोन वेगळ्या प्रती सांभाळाव्या लागतात का?